शिकागोला एकटी जाऊ का?

पत्र असं आहे :

‘ताई, नमस्कार. मी डोंबिवलीची, वय ६१. विमा कंपनीत एकतीस वर्षं नोकरी केली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लेकीच्या बाळंतपणासाठी एप्रिलमध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला आले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार आहे. नात आता चार महिन्यांची आहे. इथून शिकागोला थेट रेल्वे जाते असं कळलं आणि तेव्हापासून मनात घोळतंय की तीन दिवस एकटीने जाऊन यावं. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी विवेकानंदांचं शिकागोचं भाषण म्हटलं होतं. ती जागा बघायची आहे. जावई म्हणतात, सवड झाली की गाडीने नेऊ, पण चार महिन्यांत सवड झालेली नाही. लेक म्हणते, “आई, तिथे गोळीबार होतात, एकटी अजिबात नको.” हे गेल्याला दोन वर्षं झाली. मी कधी एकटीने प्रवास केलेला नाही. इंग्रजी ऑफिसपुरतं येतं, पण इथल्या लोकांचे उच्चार पटकन कळत नाहीत. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे थोडे कुरकुरतात, खाणं शाकाहारी. या वयात हा हट्ट आहे का? आणि नसेल तर नेमकं कसं करायचं?’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी मान्य करत नाही, तिथूनच सुरुवात करते. ‘मी कधी एकटीने प्रवास केलेला नाही.’ एकतीस वर्षं डोंबिवलीहून नोकरीला गेलात ना? सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढून, दारातल्या बायकांमधून वाट काढत आत शिरून, उतरायच्या दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकत? मेगाब्लॉक असला की ठाण्याहून दुसरी वाट शोधत? पावसात गाड्या बंद पडल्या की रुळांवरून चालत? तो प्रवास तुम्ही एकटीनेच केलात. फक्त दर वेळी पलीकडे काहीतरी काम होतं. ऑफिस, दवाखाना, शाळेची सभा, कुणाचं तरी लग्न. काही काम नसताना, कुणी वाट बघत नसताना, केवळ स्वतःला बघायचंय म्हणून तुम्ही कधी घराबाहेर पडला नाहीत. नवं आहे ते एवढंच, आणि अवघडही तेच आहे. गाडी कशी पकडायची हे मी तुम्हाला काय शिकवणार! काम नसलेल्या तीन दिवसांना कसं सामोरं जायचं, त्याबद्दल मात्र थोडं सांगू शकते.

हट्ट आहे का? असेल. पण आठवीतल्या मुलीने धरलेला आणि सत्तेचाळीस वर्षं मागे ठेवलेला हट्ट पुरवायला हरकत नसावी. जरूर जा.

आधी लेकीचं बोलू, कारण खरा अडसर तिथे आहे. तिला तुमची काळजी वाटते हे खरंच आहे. पण चार महिन्यांचं बाळ घरात आहे आणि दिवसभर तुम्ही आहात म्हणून तिचं चाललंय, हेही तितकंच खरं. तीन दिवस आई नसणार याची धास्ती तिला बोलून दाखवता येत नसेल, म्हणून ती गोळीबाराचं नाव घेत असेल. असं नसेलही, पण गृहीत धरून चाला. ‘मी जाऊ का?’ असं विचारू नका. एक कागद घ्या आणि त्यावर सगळं लिहा : शुक्रवारी सकाळच्या गाडीने जाणार, रविवारी दुपारच्या गाडीने परत, मुक्कामाचा पत्ता हा, फोन रोज सकाळी नऊला आणि रात्री आठला. शनिवार-रविवार जावई घरी असतील, म्हणजे त्यांना सुट्टी एकच दिवसाची काढावी लागेल. जावईबापूंना ते आधीच सांगा. फ्रिजमध्ये दोन भाज्या आणि वरण करून ठेवा. एवढं समोर ठेवलंत की बोलणं ‘जायचं की नाही’ वरून ‘कुठल्या शुक्रवारी’ वर येईल. फोनवर तुमचं ठिकाण लेकीला दिसेल अशी सोय ती सुचवेल. करू द्या. तुम्ही कॉलेजच्या वयात असता तर मी नको म्हटलं असतं. पण रात्री बाळाला पाजायला उठलेल्या मुलीला आईचा ठिपका मुक्कामावर दिसला, तर तिला झोप लागेल.

तिची भीती खोटी नाही. शिकागोत बंदुकीचा हिंसाचार आहे आणि तो गंभीर आहे. पण तो शहरभर सारखा पसरलेला नाही. तो मुख्यतः दक्षिण आणि पश्चिम भागातल्या काही वस्त्यांमध्ये एकवटलेला आहे आणि त्याचा सर्वांत मोठा मार तिथे राहणाऱ्या माणसांनाच बसतो. तुमचे तीन दिवस जाणार ते मधल्या भागात आणि सरोवराकाठी. तिथे जपायचं ते हातातल्या फोनला आणि खांद्यावरच्या पर्सला, दादर स्टेशनच्या पुलावर जपता तसंच. शहरातल्या रेल्वेला तिथे ‘एल’ म्हणतात. तिच्यात लेडीज डबा नसतो. रात्री रिकाम्या लेडीज डब्यात एकटीने चढायचं नाही, हा आपला नियम तिथेही लागू करा : रिकामा डबा टाळा आणि चालकाजवळचा पहिला डबा धरा. डब्यात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा स्वतःशीच मोठ्याने बोलत असेल तर त्याच्याकडे बघू नका, पुढच्या स्टेशनवर उतरून शेजारच्या डब्यात बसा. रात्री नऊनंतर रेल्वे नको, टॅक्सी करा. त्या दहा-पंधरा डॉलरचा विचार करायचा नाही.

आता गाडी. अ‍ॅन आर्बरहून शिकागोला जाणाऱ्या अ‍ॅमट्रॅकच्या गाडीचं नाव ‘वूल्व्हरीन’. साडेचार-पाच तासांचा प्रवास आहे. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. ज्येष्ठांची सवलत ६५ नंतर मिळते, त्यामुळे तुम्हाला ती नाही. डब्यात जागा नक्की असते, पण सहसा आसन क्रमांक नसतो, त्यामुळे थोडं आधी पोचून खिडकी धरा. वाटेत बॅटल क्रीक लागेल, ते केलॉग कंपनीचं, म्हणजे कॉर्नफ्लेक्सचं गाव. मग कॅलामझू. मिशिगन राज्यात ही गाडी काही पट्ट्यांत ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वेगाने धावते. पुढे इंडियानात पोर्टर हे गाव गेलं की शिकागोपर्यंतचे रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत, तिथे ती रखडू शकते. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर घाबरून लेकीला फोन करू नका, साधा मेसेज टाका. डबा घरूनच न्या. गाडीत खाण्याचा डबा असतो, पण शाकाहारी माणसाला तिथे फारसं काही मिळत नाही.

पासपोर्ट मूळच न्या, झेरॉक्स नव्हे. अठरा वर्षांवरील परदेशी पाहुण्याने आपल्या नोंदणीचा पुरावा सतत जवळ ठेवावा असा तिथला कायदा आहे, आणि हॉटेलातही ओळखपत्र मागतातच. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत पासपोर्टातच ठेवा आणि दोन्हीचा फोटो लेकीच्या फोनमध्ये. शिवलेला कापडी बटवा असेल तर तो कुडत्याच्या आतून गळ्यात घाला. विम्याचं कार्डही त्यातच. बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्या न्या आणि मोठ्या बॅगेत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

एक गोष्ट बहुतेक कुणी सांगत नाही, आणि माझी तिथेच फजिती झाली होती, म्हणून सविस्तर सांगते. पहिल्यांदा शिकागोत एकटी उतरले तेव्हा खोलीचे पैसे आधीच भरलेले होते. तरी काउंटरवरच्या मुलीने माझ्याच नावाचं कार्ड मागितलं. तिथली हॉटेलं मुक्काम संपेपर्यंत कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. माझं भारतातलं कार्ड परदेशात चालू केलेलं नव्हतं आणि बँकेचा ओटीपी जाणार होता तो मुंबईच्या घरी टेबलावर ठेवलेल्या फोनवर. दीड तास मी त्या लॉबीत बसून होते. तुम्ही खोली लेकीच्या कार्डाने घेणार असाल, तर तिने आधी हॉटेलला फोन करून, दुसऱ्याच्या कार्डावर पाहुणा राहणार आहे याचा फॉर्म भरून पाठवायचा आणि तो पोचल्याची खात्री करून घ्यायची. तुमचं स्वतःचं कार्ड नेणार असाल, तर बँकेच्या अ‍ॅपमधून परदेशी व्यवहार आत्ताच चालू करा आणि भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. शिवाय दीडशे डॉलर रोख, दोन ठिकाणी विभागून.

राहायचं मधल्या भागात, मिशिगन अ‍ॅव्हेन्यूपासून चालत जाता येईल असं. स्वस्त म्हणून लांबची खोली घेऊ नका. वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात आणि गुडघे दुखतात ते वेगळंच. शनिवार-रविवारी साध्या खोलीलाही दोनशे डॉलर सहज पडतात, वर सतरा टक्क्यांहून जास्त कर. इंटरनेटवर दिसणारा आकडा कराशिवायचा असू शकतो, तेव्हा शेवटचं पान उघडून बघा. हे जड वाटत असेल तर इडा बी. वेल्स ड्राइव्हवर हॉस्टेलिंग इंटरनॅशनलचं मोठं वसतिगृह आहे. हॉस्टेल म्हटल्यावर पोरांचा गोंधळ डोळ्यासमोर येतो, पण तिथे वयाची वरची मर्यादा नाही, बायकांच्या वेगळ्या खोल्या आहेत आणि सामायिक स्वयंपाकघर आहे. मुगाची खिचडी टाकता येते हो! खालची खाट मागून घ्या. पण खरं सांगू? या वेळी तुम्ही स्वतंत्र खोली घ्यावी असं मला वाटतं. दार लावून घेतलं की आतली जागा पूर्ण तुमची. बाळ रडत नाही, कुकरची शिट्टी नाही, कुणाला चहा विचारायचा नाही. इतकी वर्षं हे तुमच्या वाट्याला कधी आलं असेल असं वाटत नाही.

शिकागोत हरवणं अवघड आहे, ते कसं ते सांगते. मुंबईत समुद्र पश्चिमेला आहे हे तुमच्या हाडात बसलंय. शिकागोत त्याच्या उलट : मिशिगन सरोवर नेहमी पूर्वेला. पाणी दिसलं की दिशा कळली. आणि पत्ते तर गणितासारखे आहेत. स्टेट स्ट्रीट आणि मॅडिसन स्ट्रीट जिथे एकमेकांना छेदतात तिथे शून्य. तिथून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे आकडे वाढत जातात आणि साधारण आठशे आकडे म्हणजे एक मैल. विवेकानंदांच्या भाषणाची जागा १११ साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू, म्हणजे शून्यापासून दक्षिणेला एक चौक ओलांडला की आलीच. जुना वॉटर टॉवर ८०६ नॉर्थ मिशिगनवर, म्हणजे उत्तरेला एक मैल. विम्याचे हप्ते तोंडी सांगणाऱ्या बाईला हे पाच मिनिटांत पाठ होईल. फोनवर फार विसंबू नका. उंच इमारतींच्या मध्ये नकाशातला निळा ठिपका भरकटतो, आणि नदीकाठच्या वॅकर ड्राइव्हला तर एकावर एक मजले आहेत, तिथे आपण वर आहोत की खाली तेही त्याला उमगत नाही.

मुक्कामाचा पत्ता कागदावर ठळक लिहून पर्समध्ये ठेवा. हे सांगताना मला तुमचे विवेकानंदच आठवतात. ३१ मे १८९३ ला मुंबईहून बोटीने निघालेला तो तीस वर्षांचा संन्यासी जपानमार्गे, मग कॅनडातून रेल्वेने जुलैअखेर शिकागोला पोचला. धर्मपरिषद सप्टेंबरात. पैसे संपत आलेले, म्हणून तो बॉस्टनकडे गेला आणि परिषदेच्या तोंडावर परतला, तेव्हा ज्या कचेरीत जायचं तिचा पत्ताच हरवला होता. ती रात्र त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर काढली असं चरित्रकार सांगतात. दुसऱ्या दिवशी दारोदार विचारत थकून रस्त्याकडेला बसले असताना समोरच्या घरातल्या एका बाईंनी त्यांना आत बोलावलं. शाळेत आपण त्या भाषणाच्या पहिल्या ओळीवर टाळ्या घेतो, पण त्याआधीच्या या दोन दिवसांबद्दल फारसं कुणी सांगत नाही. अनोळखी शहर, उच्चार वेगळे, थंडी, खिशात पैसे नाहीत. तुमच्यापाशी फोन असेल, कार्ड असेल, गाडीचं परतीचं तिकीट असेल.

जागेबद्दल एक घोटाळा होतो. १८९३ चं जागतिक प्रदर्शन भरलं होतं जॅक्सन पार्कात, म्हणजे दक्षिणेला बऱ्याच अंतरावर. काही माणसं भाषणाची जागा तिथे शोधत जातात. धर्मपरिषद भरली ती मधल्या भागात, तेव्हा नुकत्याच बांधलेल्या एका इमारतीत. प्रदर्शन आटोपल्यावर ती इमारत आर्ट इन्स्टिट्यूटकडे आली आणि आज ते अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कलासंग्रहालयांपैकी एक आहे. दारात हिरवट पडलेले दोन ब्राँझचे सिंह आहेत. ज्या तात्पुरत्या सभागृहात ११ सप्टेंबरला भाषण झालं ते आता नाही. त्या जागी नंतर बांधलेलं फुलर्टन हॉल आहे. संग्रहालयासमोरच्या रस्त्याच्या तुकड्याला ‘स्वामी विवेकानंद वे’ असं मानाचं नाव दिलंय, त्याची पाटी खांबावर दिसेल. संग्रहालय मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं, म्हणूनही शुक्रवार बरा. तिकीट तीसेक डॉलरचं आहे.

फुलर्टन हॉलमध्ये काही कार्यक्रम असेल तर आत जाता येणार नाही; तसं झालं तर दारापाशी थांबा. तिथे भाषण मनातल्या मनात म्हणून बघा. आठवीतलं पाठांतर जात नाही. माझ्या एका मावशींना सत्तरीत सुद्धा स्पर्धेतलं भाषण हातवाऱ्यांसकट येत होतं.

मग संग्रहालय बघा, पण सगळं बघायला जाऊ नका, गुडघे ऐकणार नाहीत. तीन चित्रं धरा. जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं नदीकाठच्या रविवारचं प्रचंड चित्र, जे सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवलंय. ग्रँट वुडचं, त्रिशूळासारखी गवतकाठी धरलेल्या शेतकऱ्याचं. आणि एडवर्ड हॉपरचं १९४२ मधलं, मध्यरात्रीच्या हॉटेलातलं. त्यात काचेमागे चार माणसं आहेत, एक पाठमोरा पुरुष अगदी एकटा बसलाय. त्या चित्रासमोर बाक रिकामा मिळाला तर पंधरा मिनिटं बसा. एकट्याने फिरण्याचा हाच तर फायदा : पुढे चला म्हणणारं कुणी नसतं.

शनिवारी सकाळी नदीवरची वास्तुकलेची बोट. तीन दिवसांत एकाच गोष्टीवर सढळ हाताने खर्च करणार असाल तर यावर करा, पन्नास-साठ डॉलर लागतील. दीड तास बसून बघायचंय, म्हणून गुडघ्यांनाही बरं. शिकागो आर्किटेक्चर सेंटरच्या बोटीवर माहिती सांगणारे स्वयंसेवक असतात, आणि त्यांचं बोलणं स्पष्ट असतं. वरच्या मजल्यावर बसा, डोक्याला रुमाल बांधा, स्वेटर घ्या. पाण्यावर सप्टेंबरातही वारा झोंबतो. १८७१ च्या ऑक्टोबरात हे शहर जळालं, लाखभर माणसं बेघर झाली, आणि त्यानंतरच्या बांधणीत १८८५ मध्ये लोखंडी-पोलादी सांगाड्यावर दहा मजली इमारत उभी राहिली. जगातल्या गगनचुंबी इमारतींची सुरुवात बरेच जण तिच्यापासून मोजतात. आज ती नाही. पण तुम्ही ज्या नदीवर असाल ती उलटी वाहते, आणि हे माणसांनी घडवलंय. शहराची घाण नदीतून सरोवरात जायची आणि सरोवराचंच पाणी प्यायला. म्हणून मोठा कालवा खणून १९०० मध्ये प्रवाहच फिरवला. मक्याच्या कणसासारखे दिसणारे दोन गोल मनोरे लागतील, तो मरीना सिटी. आणि लांबून काळा सिअर्स टॉवर दिसेल, आता त्याचं नाव विलिस टॉवर. ११० मजले, १९७० च्या दशकात बांधलेला आणि जवळजवळ पंचवीस वर्षं जगात सर्वांत उंच. त्याची रचना करणारे अभियंता फझलुर रहमान खान मूळचे ढाक्याचे. वर जाण्याच्या रांगेत दीड तास घालवू नका असं मी सांगेन, खालूनच बघा.

मिलेनियम पार्कातलं चकचकीत ‘बीन’ संग्रहालयाला लागूनच आहे. ते बनवणारे अनिश कपूर मुंबईत जन्मलेले. खाली उभं राहून वर बघितलं की आपलीच प्रतिमा ओढल्यासारखी दिसते. फोटो काढायला कुणालाही सांगा, पण फोन द्यायचा तो लहान मुलं बरोबर असलेल्या बाईकडे.

स्वच्छतागृहांचं मुद्दाम लिहिते, कारण आपण बायका प्रवासात पाणी पिणंच बंद करतो आणि बीपीच्या गोळीवर ते बरं नाही. शिकागो कल्चरल सेंटर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच आहे, प्रवेश फुकट, स्वच्छतागृहं चांगली. १८९७ मधली ही जुनी वाचनालयाची इमारत. वरच्या मजल्यावर रंगीत काचेचा टिफनी घुमट आहे, खुर्ची मिळाली तर मान वर करून बसून राहा. दक्षिणेला स्टेट स्ट्रीटवर हॅरोल्ड वॉशिंग्टन वाचनालय, तिथेही कुणी काही विचारत नाही. नवव्या मजल्यावर काचेच्या छताचं मोठं दालन आहे. थकलात, पाऊस आला, रडू आलं, तर या दोन जागा लक्षात ठेवा.

हो, रडू येईल. शुक्रवारी संध्याकाळी येईल असा माझा अंदाज आहे. दिवसभर नवलाई असते. संध्याकाळी जेवायला हॉटेलात शिराल आणि दारातली मुलगी हसून विचारेल, ‘जस्ट वन?’ ती सवयीने विचारते, तिच्या मनात काही नसतं. पण दोन वर्षांपूर्वी ज्यांना गमावलंत ते त्या क्षणी शेजारी नसल्याचं नव्याने कळेल. मीही त्यातून गेले आहे, म्हणून आधीच सांगते. तेव्हा ‘येस, वन’ म्हणा आणि टेबलाऐवजी काउंटरवर बसा. काउंटरवर बरेच जण एकटेच असतात. पहिल्या रात्री ते नको वाटलं तर सरळ बांधून घ्या आणि खोलीवर जाऊन टीव्ही लावून जेवा. त्यात हरल्यासारखं काही नाही. शनिवारी जमेल.

शिकागोचा जाड पिझ्झा खायचाच असेल तर दुपारी जा. भाजायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि अख्खा पिझ्झा एकटीला संपणारा नसतो. एकट्यापुरता लहान मागा, पालकाचा छान असतो. उरलेला डब्यात द्या म्हटलं की देतात. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून थांबू नका, ‘नो मीट, नो चिकन, नो फिश’ असं म्हणा, आणि सुपाचा रस्सा चिकनचा आहे का ते विचारा. बिलावर दहा टक्क्यांच्या वर कर लागतो आणि बसून जेवलात तर वाढणाऱ्याला अठरा-वीस टक्के टिप द्यावी लागते. ते त्यांच्या पगाराचाच भाग आहे. उच्चार कळला नाही तर ‘प्लीज राइट इट’ म्हणत कागद पुढे करा. माणसं मदत करतात. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर आपल्या लोकांची मोठी बाजारपेठ आहे, थालीपिठाची भाजणीही मिळेल कदाचित. पण या खेपेला तिकडे जाऊ नका. तास-दीड तासाची वाट आहे आणि घरचं जेवण तुम्ही चार महिने करताच आहात.

शनिवारी दुपारी मात्र एक लोकल करा. ब्राउन लाइन. बँकेचं कार्ड दारातल्या यंत्राला टेकवलं की फाटक उघडतं, भाडं तीनेक डॉलर. वॉशिंग्टन-वॅबॅश स्टेशनला लिफ्ट आहे, तिथून बसा. मधल्या भागाला वेढा घालणारे हे उंचावरचे रूळ १८९७ पासून आहेत. त्यांच्यावरूनच त्या भागाला ‘लूप’ नाव पडलंय असं सगळे म्हणतात. गाडी ऑफिसांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांना जवळजवळ खेटून जाते, वळणावर चाकं किंचाळतात, मग एकदम नदी ओलांडते. किंबॉलपर्यंत, म्हणजे शेवटच्या स्टेशनपर्यंत जा आणि त्याच लाइनने परत या. मधे कुठेही उतरायचं नाही. एकतीस वर्षांत लोकलमध्ये खिडकीशी बसून, कुठेही न उतरता, असा प्रवास कधी केला होता?

रविवारी पहाटे उठा. तुम्ही समुद्रात सूर्य बुडताना आयुष्यभर पाहिलात. इथे तो पाण्यातून वर येतो. सप्टेंबरात साडेसहाच्या सुमाराला. काठावर पळणारी माणसं असतात, कुत्री फिरवणारी असतात, एकटं वाटत नाही. स्वेटर, शाल आणि थर्मासमध्ये चहा. परतीची गाडी दुपारचीच घ्या. संध्याकाळची घेतलीत तर अ‍ॅन आर्बरला मध्यरात्रीच्या आसपास पोचाल, आणि जावयांना झोपेतून उठून स्टेशनवर यावं लागेल. शिकागोचं घड्याळ मिशिगनपेक्षा एक तास मागे आहे. जाताना हा तास मिळतो, येताना जातो.

फोन आपोआप बदलेल, पण तुमचं मनगटावरचं घड्याळ बदलणार नाही. जाताना न्यू बफेलो स्टेशन गेलं की काटा एक तास मागे फिरवा.